रंभाताईंच्या भावाला परदेश दाखवताना

नवीन पनवेल,
२ मे

तीर्थस्वरूप रंभाताई यांना वेणूचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? उरणला सध्या उकाडा फार, तेव्हा वाळत घातलेली मासळी राखायला भर दुपारी ओट्यावर बसू नका, कावळ्यांनाही चार खाऊ द्या. आम्ही दोघं सुखरूप परतलो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, असा आपला तीस वर्षांचा रिवाज आहे. पत्र तुमची सून वाचून दाखवेल. (प्रांजल, सासूबाई मध्येच ओरडल्या तर पाणी दे आणि पुढे वाच.)

निघताना तुम्ही मला म्हणाला होतात, "त्याला काय झाला तं तिकडं कोनाला हाक मारशील?" ताई, तुमचं बरोबर होतं. पण घरी काय चाललं होतं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. हृदयात ती स्प्रिंग बसवल्यापासून वर्षभर हे गॅलरीत खुर्ची टाकून बसून होते. एक हात कायम छातीवर. पाण्याचा तांब्या उचलायचा तरी आधी नाडी बघायचे. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, काही होत नाही, पण डॉक्टरांचं ऐकायला कान मोकळे हवेत ना, हे आतलेच ठोके ऐकत बसलेले. शेवटी आमच्या प्रणितने डॉक्टरांना विचारलं आणि कंबोडिया आणि श्रीलंकेची तिकिटं काढून हातात ठेवली. म्हणाला, पाठीवर एकेक सॅक घ्या, टूरवाले नकोत, मिळेल तिथे राहा, देवळं, जंगल, समुद्र बघा. मी पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला तो खोपोलीच्या पलीकडे न जाता, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

यांनी काय केलं, तर नव्या कोऱ्या सॅकवर ऑइलपेंटने इंग्रजीत स्वतःचं नाव आणि खाली PANVEL असं एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलं. (बंदरात पस्तीस वर्षं पेट्यांवर नंबर घालण्यात गेली, हात कुठे जाणार.) परिणाम असा, की कंबोडियातल्या हॉस्टेलात जगभरची पोरं यांना "मिस्टर पनवेल" म्हणायला लागली. तिथे एका खोलीत आठ जणांनी झोपायचं, पलंगावर पलंग. खालचा रिकामा होता, पण चिठ्ठीवरचा आकडा वरच्याशी जुळतो म्हणून नियमाने वर चढले. सकाळी उतरता येईना. शिडीवर पाय ठेवला की छातीत धस्स होतंय म्हणायचे. एका नॉर्वेच्या मुलीने पावाला लोणी लावून वर दिलं, चहा दिला, आणि हे वरूनच तिला पनवेलची माहिती देत राहिले. अकरा वाजता दोन जर्मन पोरांनी कपाट उतरवावं तसं यांना उतरवलं. तोवर आमची सूर्योदयाला देऊळ बघायची गाडी केव्हाच गेली होती.

अंगकोरला दुसऱ्या दिवशी पोहोचलो. आपलं समुद्रमंथन तिथे भिंतभर कोरलंय हो ताई! मला भरून आलं. यांनी अर्धा तास देव-दानवांचे पाय निरखले आणि म्हणाले, "असं उभं राहून ओढलं तर हे सगळे तोंडावर आपटतील." एवढंच. मग सावलीत बसून नाडी. श्रीलंकेत सिगिरियाच्या खडकावर हजाराच्या वर पायऱ्या. हे निम्म्यावर थांबले आणि गंजलेल्या कठड्याला कोणता रंग लावावा ते रखवालदाराला समजावू लागले. त्यांना एकटं सोडून वर कशी जाऊ? मीही उतरले. त्या संध्याकाळी मी यांच्याशी बोलले नाही. तीन आठवडे झाले होते आणि एकही जागा मी शेवटपर्यंत पाहिली नव्हती.

(प्रांजल, आता सावकाश वाच.)

मग आम्ही पूर्वेकडच्या एका कोळ्यांच्या गावात उतरलो. सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते तर हे खोलीत नाहीत. चहाच्या टपरीवर नाहीत. गोळ्यांची डबी उशाशी तशीच. ताई, तुमचं ते "कोनाला हाक मारशील" माझ्या कानात वाजायला लागलं. मोबाइलमधला यांचा फोटो दाखवत मी किनाऱ्याने धावत सुटले. एका बाईने दूरवर हात करून दाखवलं. पंचवीस-तीस माणसं रांगेत उभी राहून किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढत होती, तळकोकणात रापण ओढतात तसं. आणि रशीला चौथा माणूस, उघडाबंब, गुडघ्यापर्यंत पाण्यात, तुमचा भाऊ.

मी किंचाळले, "सोडा ती रशी! छाती आहे की काय आहे!"

तर पस्तीस वर्षं बंदराच्या ऑफिसात पुस्तकी मराठी बोललेला माणूस मागे न बघता ओरडला, "आता नाय सोडाचा! मानसा कमी हायेत. उभी काय ऱ्हायलीस, तू पन धर!"

मी काय करणार? धरली. रडत होते आणि ओढत होते. तळहात सोलवटले. तासाभराने जाळं वाळूवर आलं. तारली, खेकडे, दोन तुटक्या चपला. रांगेला हुकूम देणाऱ्या त्यांच्या म्हाताऱ्या तांडेलाने यांच्या पाठीवर थाप मारली आणि वाट्याची मासळी झावळीत बांधून दिली. मग दोघं वाळूत बसून वाऱ्यावरून भांडले, एक तमिळमध्ये, एक आपल्या बोलीत, आणि दोघांनाही सगळं कळत होतं.

खोलीवर आल्यावर यांनी झावळी सोडून मासळी निवडायला घेतली. मग म्हणाले, "बाबांबरोबर शेवटचं ओढलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. रंभा टोपली घेऊन वाळूत बसलेली." आणि मग, "वेणू, सकाळपासून छातीची आठवणच झाली नाही गं." पुढचे चार दिवस ते रोज जाळ्यावर गेले.

इथे आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी चांगलं झापलं, मग रिपोर्ट पाहिले आणि ते गाव कुठेशी आहे ते विचारून घेतलं. आता घरात दिवसभर यांची बडबड चालू असते. खुर्ची रिकामी असते, माझे कान भरलेले. अशा माणसाबरोबर मी पुन्हा कधी पाऊल बाहेर टाकणार नाही, हे तुम्हाला लेखी देते. सगळ्यांना आशीर्वाद.

तुमची,
वेणू

ता. क. हे पत्र यांनी वाचलं. म्हणतात, रशीला चौथा नव्हे, तिसरा होतो. दुरुस्त करून घ्यावं.

ता. क. २ दिवाळीनंतर व्हिएतनामला जातोय. मला तिथली देवळं अथपासून इतिपर्यंत बघायची आहेत, आणि समुद्र दिसला की हे कुणाचंच ऐकणार नाहीत, ऐकले तर तुमचंच. तेव्हा आधारकार्ड आणि दोन फोटो प्रांजलकडून पाठवा, प्रणितने तुमच्या पासपोर्टसाठी येत्या मंगळवारची वेळ घेतली आहे. नवे कपडे शिवू नका. लुगडंच नेसा. त्यात वाळूवरून पळता येतं, पाचवारीत येत नाही.