चेंबरचा नट

प्रिय हर्षल,

पाकीट चाचपून बघितलं असशील. आत एक पुडी आहे, ती आत्ता सोडू नको. आधी हे शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलायचं मला जमलं नाही रे. चारदा लावला आणि चारही वेळा पुण्यात पाऊस आहे का, एवढंच विचारून ठेवून दिला. रूपाली म्हणाली असेल, दादांना झालंय तरी काय!

झालंय असं, की अण्णांची फियाट मी उघडली. इंजिन पार सुटं केलं आणि आता परत जोडलंय. मे महिन्यात कंपनीने आम्हाला लवकर घरी बसवलं ते तुला माहीत आहे. जन्मभर स्टोअरच्या खिडकीतून दुसऱ्यांना नट-बोल्ट दिले, स्वतः एकही कुठे बसवला नव्हता. आता मोबाइलवर बघून बघून शिकलो. शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढली, तर मागच्या सीटच्या सांदीत अजून झेंडूचा वाळका चुरा होता. अण्णांना दाखवला, तर त्यांनी नाकाशी धरला आणि दसऱ्याला गाडी चालू कर म्हणाले. चौऱ्याऐंशी वय, डोळ्यांना धूसर दिसतं, पण कान शाबूत आहेत. एकदा तिचा आवाज ऐकव, मग मी मोकळा, असं म्हणतात. दसरा आठ दिवसांवर आलाय.

सगळे पार्ट द्राक्षाच्या कॅरेटमध्ये चिठ्ठ्या लावून ठेवले होते. धुवायला तुझ्या वहिनीची पुरणाची परात घेतली आणि तिच्यात डिझेल ओतलं, त्यावरून दोन दिवस माझ्याशी अबोला होता. इंजिनाचा ब्लॉक बोअर करायला, म्हणजे आतून घासून घ्यायला, नाक्यावरच्या बुद्धभूषणच्या लेथवर नेला. तो म्हणाला, काका, एवढे घाबरता तर देव्हाऱ्यात ठेवा इंजिन. त्याचं काय जातं! गेल्या आठवड्यात हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आवळून झालं आणि परातीत एक वायसर उरलेलं दिसलं.  सगळं परत खोललं, दीड दिवस गेला. शेवटी वहिनी म्हणाली, अहो, हे तर मोरीच्या नळाचं आहे. मी हसलो आणि परत जोडायला बसलो. ऑईल अडवणारा तळाचा नट तर मी रोज सकाळी उताणा झोपून तपासतो. आवळलेलाच असतो, तरी उद्या परत तपासेन.

अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसतात. एकेक पार्ट हातात घेऊन ओळखतात. मखमलाबादच्या मळ्यातून याच गाडीत झेंडू भरून कुठे कुठे नेला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि शेवट ठरलेला. धाकट्याने दगडावर आपटली, चेंबरचा नट उडवला, ऑईल सांडलं आणि इंजिन जाम केलं. मग माझ्याकडे वळून हसतात, चावी काही हर्षलच्या हाती देऊ नको हं! दिवाळीला तू समोर असलास तरी हेच, आणि तूही हसतोस. पण तुम्ही पुण्याहून येता तेव्हा गाडी रूपाली चालवते. तू डब्याची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसलेला असतोस. एकोणिसाव्या वर्षी तू ही फियाट वाफ्यांमधून उलटी काढायचास रे, एक रोप मोडायचं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस.

गेल्या महिन्यात चेंबर धुतलं. इंजिनाच्या तळाचं हे पत्र्याचं भांडं, ऑईल यातच असतं. पालथं घातलं आणि सगळीकडून हात फिरवला. दगड लागला असता तर पोचा असता. एक पोचा नाही, ओरखडासुद्धा नाही. मला ते पालथं घालायची गरजच नव्हती, हर्षल. मला ठाऊक होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला ऑईल मी बदललं होतं. चेंबरचा नवा नट हाताने फिरवून बसवला आणि आवळायला पाना घ्यायला गेलो, तर अण्णांनी विळे, फावडी, पाने सगळे पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हे आपल्याकडे किती कडक! अण्णांना विचारायचं धाडस झालं नाही, शेजारून पाना मागून आणायचा कंटाळा केला. उद्या आवळू म्हटलं आणि वहिनीसोबत हार ओवायला बसलो. पहाटे झेंडू भरताना तू हाक मारलीस तेव्हाही आठवलं नाही. सैल नट वाटेत गळून पडला, ऑईल सांडलं आणि पिंपळगावच्या अलीकडे इंजिन जाम झालं. टेम्पोने गाडी ओढून आणली, तेव्हा मालेगावला जायचा झेंडू आतच सुकला होता. अण्णांनी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली, तू म्हणालास, ओझरजवळ काहीतरी खडखडलं खरं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. नट आवळायचा माझ्याकडून राहिला, हे सांगितलं नाही. मग एक दिवस गेला, एक वर्ष गेलं, आणि नंतर सांगायला जागाच उरली नाही. भित्रा आहे रे मी, दुसरं काही नाही.

आज सकाळी अण्णांना सांगितलं.  मला वाटलं मारतील, मारावं असंही वाटलं. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी मी त्याला मारलं होतं ना रे? मी हो म्हटलं. त्यांनी सदरा वर केला, करगोट्याची गाठ त्यांना सुटेना, ती मी सोडली. अठ्ठावीस वर्षं तिथे बांधलेली चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही त्याला पाठव. दुसरी चावी नाही. हर्षल, यंदा मी पाना पूजेत ठेवणार नाही, नट तू स्वतः आवळ आणि मगच चावी फिरवून सेल मार. इंजिन चालू होईल की नाही, देव जाणे. तू दसऱ्याला येशील की नाही, याची मला जास्त भीती आहे. नाही आलास तर रागवायला मला तोंड नाही. पण अण्णा सकाळपासून खुर्ची टाकून बसतील, ते ऐकणार नाहीत. पुडी सोड आता.

तुझाच, अजून दादा म्हणशील तर दादा,
गोरक्ष