मिरजेतलं नवं यंत्र आणि खंडेनवमीचा हार

दादा, आज दुकानातली दोन पोरं मला आलेख दाखवत होती. शस्त्रक्रिया चालू असताना हाड पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रांची मागणी सातारा-सांगलीत कशी चढते आहे, ते समजावत होती. मी मान डोलावत होते, पण डोळ्यांपुढे तुम्ही होता. मिरजेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उकिडवे बसून रोग्यांच्या नातेवाइकांना विचारणारे, "कुठनं आलाय? कशानं मोडलं?" कुणी लोणंदचा, कुणी कुंडलचा. ट्रॅक्टर, फटफटी, उसाची गाडी. फौजेतल्या एक्स-रे खोलीतून निवृत्त होऊन तुम्ही यंत्रांचं दुकान थाटलं होतं आणि बाजाराचा तुमचा अभ्यास तो एवढाच. मी, तुमची लेक, कॉलेज संपवून नुकती दुकानात बसू लागले होते. खुशीत म्हणाले, "अपघात वाढले, म्हणजे आपला खप वाढणार." तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "हाडं मोडली म्हनून हसायचं न्हाई, पोरी. सांधली म्हनून हसावं." मला राग आला. धंदाही करायचा आणि वर सोवळंही पाळायचं, असं वाटलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तोवर हाड बसवताना मध्येच फोटो काढायचा आणि ओली फिल्म धुऊन येईपर्यंत सर्जननी नुसतं उभं राहायचं, रोगी तसाच टेबलावर. नव्या यंत्रात हाड तिथल्या तिथं दिसे. पण असलं यंत्र आपल्या भागात कोण घेणार, असं मुंबईच्या कंपनीचं मत. तुम्ही हट्टानं एक दाखवायला मागवलंत. दवाखान्याला पसंत पडलं नाही तर आपल्या दुकानाची एजन्सी जाणार, हे ठरलेलं. ते आलं नेमकं खंडेनवमीला. मग काय विचारता, हळद-कुंकू, नारळ आणि तारेत ओवलेला झेंडूचा जाडजूड हार.

दसरा उलटला आणि कुंडलच्या एका शेतकऱ्याची मोडलेली मांडी टेबलावर आली. मी शिशाचा जड एप्रन घालून दाराशी उभी आहे. पडद्यावर हाड उमटतं आणि त्याच्या शेजारी एक बारीक वाकडी रेघ. सर्जन थबकतात. सुई आत राहिली की काय? कंपनीचा माणूस घामाघूम. यंत्राची कमान फिरवली तर हाड फिरतं, रेघ जागची हलत नाही. तुम्ही हात जोडता. "आवं डॉक्टर, ती हाराची तार हाय. यंत्राच्या खोळीखाली ऱ्हायली." सर्जन चिडले, चांगलेच चिडले. तार निघाल्यावर मात्र म्हणाले, "एवढीशी तार दिसती, मग हाडातला खिळा दिसणारच की." खिळा पहिल्याच खेपेला बसला. यंत्र दवाखान्यानं ठेवून घेतलं. पुढं तो शेतकरी काठी टेकत दुकानात आला, तेव्हा त्याची चाल बघून तुम्ही इतके हसलात, की तुमचा धंदा मला त्या दिवशी कळला.

आता लहान गावांतले दवाखानेही यंत्र मागतात. हे बघायला तुम्ही हवे होता, फार हवे होता.

हे पत्र कुठल्याच टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मध्यंतरी घसरून माझा खुबा मोडला. कंबरेखाली बधिर केलं होतं, मान वळवून पाहिलं, तर यंत्र आपलं नव्हतं, समोरच्या दुकानदारानं विकलेलं. चित्र आपल्यापेक्षा स्वच्छ होतं, दादा. दुकानात कुणाला बोलले नाही, पण हाड नीट सांधणार, म्हणून मला बरं वाटलं.