मोटारीतली सांजवात

माय, काल नातवाची गाडी सकाळी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. पोरगं वायरी उचकत, स्वतःशीच पुटपुटत बसलं आणि मी ओट्यावर बसून एकटाच हसत होतो. सुनेला वाटलं, म्हातारं चळलं. तिला कुठं सगळं सांगत बसू? म्हटलं, जिला सांगायचं तिलाच सांगावं.

निजामाच्या राजवटीत तेलगावच्या मालकांनी हैदराबादेहून जुनी मोटार आणली, तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला आणि तुला तेवढं वाईट वाटलं. मोटारीसाठी बैलांचा गोठा मोकळा केला. वडलांनी जन्मभर त्याच गोठ्यात मालकांची बैलं सांभाळली होती आणि तू रोज दिवेलागणीला तिथल्या कोनाड्यात पणती ठेवायचीस. वडील गेले, बैलं हलवली, मी मोटारीवर डायवर झालो, तरी तुझी पणती काही हटेना. शेवटी मालकच एकदा म्हणाले, "मावशे, पेट्रोलपाशी आग चालायची न्हाई. समदं घर जळून जाईल." तू पदर सावरून "बरं मालक" म्हणालीस. तू इतकं गुमान ऐकलंस, तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

त्या हिवाळ्यात बॅटरी उतरायला लागली. दिवसा मोटार फिरवून आणली की ठणठणीत, आणि दोन-चार रोज उभी राहिली की सकाळी खटका दाबला तर नुसतं कण्हल्यागत करायची. एकदा तर तहसीलदार साहेब आत बसलेले आणि बाहेर गडी ढकलतायत, मागं निम्मं गाव गोळा झालेलं. मालकांचा चेहरा मला आजही दिसतो. साहेबांना सोडून आलो तर मालक दारातच उभे. "रातची मोटार घेऊन कुठं जातूस बे?" मी म्हणालो, "कुठं न्हाई मालक, आईशप्पत." ते म्हणाले, "दिवाळीला आलेल्या लेकीला न्यायला धर्मापुरीचे व्याही येणार हायेत. त्यांच्यासमोर जर ढकलायची पाळी आली, तर मी दुसरा डायवर बघतो." माझी नोकरी गेली असती तर मालकांनी दिलेली आपली खोलीही गेली असती, माय. तुला मी हे बोललो नाही. तू उगाच जिवाला लावून घेतलं असतंस.

मग लागलो मागं. बॅटरीत पाणी बघितलं, तिच्या तोंडाचा पांढरा बुरा खरवडला, बीडला जाऊन बॅटरी भरणारा डायनॅमो तपासून घेतला. सगळं नीट. संध्याकाळी बॅटरीची वायर सोडवायची आणि परत टेकवून बघायची. कुठं वीज गळत असली तर तिथं बारीक ठिणगी उडते. पण ठिणगी काही उडेना. आणि दोन-चार रोजांनी सकाळी बघावं तर बॅटरी मेलेली. मला वाटायला लागलं, भुताटकीच हाय. शेवटी व्याही यायच्या आदल्या सांजेला मोटार फिरवून आणली आणि वायर सोडवूनच ठेवली, वर ताडपत्री टाकली आणि घरी आलो.

सकाळी उठून आधी गोठ्यात गेलतो. वायर जोडली, खटका दाबला, मोटार पहिल्या झटक्यात घुरघुरली. एवढ्या आनंदात घरी आलो, तर तू चुलीपुढं गुडघ्यात मान घालून बसलेली. भाकरी माझ्यापुढं ठेवलीस, पण स्वतः घास घेईनास.

"काय झालं, माय?"

"रातच्याला दिवा लागलाच न्हाई, बाबा. खटका वर केला, खाली केला, लागंनाच. तुजं काय वाईट हुतंय का काय म्हून डोळ्याला डोळा न्हाई."

"कुठला दिवा?"

"मोटारीतला. बारका. तूच दावला हुतास न्हवं? आग न्हाई, धूर न्हाई, मालकाचा शब्दबी मोडत न्हाई. तू जेवाय बसलास की लावते, पहाटं झाडाय गेले की मालवते."

मी भाकरी खाली ठेवली. ताडपत्रीखाली रातभर जळणारा तो वेगाच्या काट्यांपुढचा चिमुकला दिवा कुणाला दिसणार होता? मी हसत सुटलो. तुला राग आला. म्हणालीस, "जिच्यावर आपली चूल पेटती, तिच्यापुढं अंधार ठिवायचा व्हय?" मग मी तुला समजावलं की मोटारीत एक पेटी असते, दिवा तिच्यातलंच खातो आणि सकाळी मोटारीला काही उरत नाही. तू लगेच म्हणालीस, "म्हंजी तेल हाय ते. मग आदी कावून सांगितलं न्हाईस? तेल जळतं एवढं मला कळत न्हाई का?"

त्या दिवशी व्याह्यांसमोर मोटार अशी सुरू झाली की मालकांनी मिशीवरून हात फिरवला. लेकीला सोडून धर्मापुरीहून परतताना मालकांनी विचारलं, बिघाड काय होता? मी खरं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "आग नको म्हणलं, तर म्हातारीनं माझ्याच मोटारीचं तेल जाळलं." आणि खो खो हसले. "लाव म्हणावं. पण हात जोडून झाले की मालवायचा." पुढं तू जाईपर्यंत तेच चाललं. तू लावायचीस, दोन्ही हात जोडायचीस आणि मालवायचीस. मला ते लई आवडायचं.

तू गेलीस त्या सांजेला दिवा मी लावला आणि मालवायला हात धजला नाही. सकाळी मालक दवाखान्याच्या कामाला निघाले, तर मोटार हूं की चूं करीना. मी मान खाली घालून उभा. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, मागं गेले आणि स्वतः ढकलायला लागले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुला अक्षर कळत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मीच होतो. एक मात्र मालकांनाही कधी सांगितलं नाही. तू गेलीस तेव्हा बॅटरी नवी होती, माय. तुझ्या त्या बारक्या दिव्यानं ती एका रात्रीत उतरली नसती. मला तेवढा उजेड पुरंना, म्हणून मी पुढचे दोन्ही मोठे दिवे लावून ठेवले होते.