उभी पाटी

प्रिय वकीलबाई,

तुझा निरोप मिळाला. राजीनामा लिहून तयार आहे, शुक्रवारपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही तर देऊन टाकते आणि कायमची घरी येते, असं तू कळवलंस. तो आला त्या दिवशी वर्कशॉपमध्ये काय झालं ते ऐक. एका होडीच्या इंजिनाचं झाकण मी उलटं बसवलं. होडीवाला भांडायला आला तर त्याच्याकडे बघून नुसता हसत राहिलो. मिस्त्रीचं डोकं फिरलं असं तो गल्लीभर सांगत सुटला. आईला मी काही बोललो नव्हतो, पण तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तुझी उशी उन्हात टाकली.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला की मला जे बोलायचं असतं ते बाजूला राहतं आणि आपण नळ गळतोय का यावर बोलत बसतो. तुझे साहेब सुट्टी संपवून उद्या निघतायत, शुक्रवारच्या आत पोचतील. त्यांच्या हाती हे पत्र देतोय.

इकडचं म्हणशील तर समोरच्या रांगेतलं शेवटचं घर, आपल्या शिंपीणबाईंचं, तेही आता रिकामं झालं. जाताना शिलाई मशीन आपल्याकडे ठेवून गेल्या, म्हणजे त्या परत येणार असं आई धरून चालली आहे. मोठ्या भरतीला पाणी गल्लीत शिरतं आणि वर्कशॉपच्या उंबऱ्यापर्यंत येतं. मी सगळी इंजिनं विटांवर चढवून ठेवली आहेत. विहीर खारट झाली, त्यामुळे शर्ट वाळला की पुठ्ठ्यासारखा होतो. समुद्राने निदान दार वाजवून आत यावं, असं आई म्हणते.

आपल्या चिमणीने नवीन खूळ काढलं आहे, आणि ते तुझ्यामुळे. तुमच्या त्या मोठ्या बैठकांत ज्याला बोलायचं असेल त्याने आपल्या देशाच्या नावाची पाटी उभी करायची, आणि कोणाचीच पाटी उभी नसेल तर मंजूर, हे तू तिला कधीतरी सांगितलंस. तिने सुट्या भागांचं खोकं कापून घरातल्या प्रत्येकाची पाटी केली. आता जेवताना ती अध्यक्ष असते. उद्या पालेभाजी, कोणाचा विरोध? असं विचारते आणि पळीने ताट वाजवते. गप्प बसलं की भोगावं लागतं. तुझ्या सासूबाई शहाण्या, त्यांनी आपली पाटी पहिल्या दिवसापासून उभीच ठेवली आहे. तुझ्या जागेवर तुझीही पाटी असते, आडवी. परवा चिमणीने ती उभी करून ठेवली. का गं, तर म्हणाली, आईला काहीतरी बोलायचं असेल.

तू नसण्याची सवय होईल, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातंय म्हणायला. मी अजून पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपतो. बाहेर जाताना किल्ली कुठे ठेवली हे तू तीनतीनदा विचारायचीस, त्याचा मला वैताग यायचा. आता किल्ली हातात घेतली की मी उगाच क्षणभर थांबतो. तुझ्या चपला चिमणीला जवळजवळ बसायला लागल्या आहेत. सरळ सांगतो, मला तू हवी आहेस. रोज हवी आहेस, भांडायला, वाढायला, नुसती शेजारच्या खोलीत खुडबुड करायला. तुझा निरोप आल्यापासून मी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, तुझा टेबललॅम्प दुरुस्त केला. गप्प बसून शुक्रवार जाऊ द्यायचा, एवढंच तर मला करायचं होतं.

पण काल साहेब वर्कशॉपवर आले. वस्ती मागच्या टेकाडावर हलवायला तुमच्या बैठकांतल्या निधीतून आपण मागितलेली मदत का नाकारली गेली, ते मला माहीत होतं. समुद्र वर आल्याची बऱ्याच वर्षांची मोजणी जोडा, हा नियम. आपल्या किनाऱ्यावर मोजायचं यंत्र कधी कोणी लावलंच नाही. ज्यांच्या धुराने हे सगळं झालं, त्यांच्या बंदरांत अशी यंत्रं आजोबांच्या काळापासून आहेत. म्हणजे दुखणं आपल्याला आणि डॉक्टरचा कागद त्यांच्याकडे. हे ठाऊक होतं आणि त्यावर मी तुझ्याशी भांडलोही आहे. पण तो नियम झाला कसा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. साहेबांनी सांगितलं. एकाच वेळी तीन खोल्यांत बैठका, आणि आपल्या देशाची माणसं दोन, तू आणि ते. श्रीमंत देशांची प्रत्येक खोलीत बाकंच्या बाकं भरलेली. तिसऱ्या खोलीत टेबलावर आपली पाटी होती, मागे खुर्ची रिकामी. कोणाचा विरोध आहे का, असं विचारलं गेलं. पाटी कोण उभी करणार? हातोडा पडला. त्या आठवड्यात तू फोनवर फक्त आईच्या गुडघ्याची चौकशी करायचीस, ती का, ते आता मला कळलं.

नियमाचं तेच कलम तू पुन्हा उघडायला लावलंस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. जिथे यंत्र नाही तिथे त्या वस्तीतल्या माणसांची साक्ष पुरावा धरावी, यासाठी तू आपल्यासारख्या लहान देशांच्या दारोदार फिरलीस, जेवणाच्या रांगेत माणसं गाठलीस. पुढच्या बैठकीत ते कलम चर्चेला येणार. साहेबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने पुष्कळदा ऐकायचं नसतं. त्यांनी तुला राजीनाम्यापासून थांबव असं एका शब्दाने म्हटलं नाही. दुसऱ्यांदा चहा मागितला आणि माझ्या पान्यांकडे बघत बसले. तू निघालीस तर त्या सगळ्या खोल्यांत ते एकटे असणार, एवढं कळायला मला वकिली शिकायची गरज नाही.

म्हणून हे पत्र. मी काही बोललो नाही तर तू ते मंजूर धरशील, आणि मला तर ते मंजूर आहेच, शंभर वेळा आहे. तरी माझी पाटी मी उभी केली आहे. राजीनामा देऊ नकोस. त्या खुर्चीत बस, आणि ते विचारतील तेव्हा बोल. ते काम झालं की मग मला घरी यायचंय असं कळव. त्या दिवशी इथे टेबलावर सगळ्या पाट्या आडव्या असतील, आईचीसुद्धा.

तुझाच, आणि आज तुझ्याविरुद्ध,
मिस्त्री