शून्याची नळी

२ जून
पोहोचले. खोली लहान, पण खिडकीतून मेंढ्यांचं कुरण दिसतं. साठीला टेकलेल्या बाईला कोण कामावर घेतं? या मेंढी-केंद्राच्या डॉक्टरांनी घेतलं. लेकीचे दिवस ऑक्टोबरात भरतात, तेव्हा मला घरी सोडायचं, एवढीच मी अट घातली. ते हसले.
काम सोपं. गाभण मेंढीचं रक्त काढायचं आणि त्यातलं पिल्लाचं प्रथिन मोजायचं. पिल्लू वाढतं तसा आकडा चढतो, वेळ जवळ आली की एकदम उतरतो.
आधीच्या बाईंचा पांढरा कोट मला मिळाला. कमरेची शिवण तीनदा उसवून सैल केलेली, टाके वेडेवाकडे. शाळेतल्या शिवणाच्या सिस्टरनी हातावर पट्टी मारली असती. मी नीट आवळून घेतला.

९ जून
इथली रीत अशी, की दर सोमवारी एक नळी तपासणाऱ्याच्याच रक्ताची लावायची. माणसात हे प्रथिन नसतं. ती नळी शून्य आली की यंत्र बरोबर. माझी शून्य आली. इथला मेंढपाळ म्हणाला, नवीन बाईंची शून्यच येते, आजीबाई.
चौदा नंबरची मेंढी फार लाघवी. माणसासारखी टक लावून बघते.

७ जुलै
माझी नळी आज चार. नळ्यांची अदलाबदल झाली असणार, डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. माझ्या कोटाकडे पाहिलं.

२८ जुलै
नवी सुई, नवी नळी. एकोणीस. पाळी जाऊन बारा वर्षं झाली मला.
लेकीकडे जाते म्हटलं. फाटकाला कुलूप. मेंढपाळ म्हणाला, गाभण जनावर कुरणाबाहेर सोडत नाहीत.

२५ ऑगस्ट
सदतीस. कोटाची बटणं लागत नाहीत. शिवण उसवली, पुन्हा घातली. माझेही टाके वेडेवाकडे. त्या बाई गबाळ्या नव्हत्या — घाबरल्या होत्या.

२९ सप्टेंबर
एकसष्ट. त्या बाई कुठे आहेत, विचारलं. मेंढपाळानं कुरणाकडे बोट दाखवलं. त्या गेल्या, म्हणाला. चौदा नंबर त्यांच्याच पोटची. थोरली.

२० ऑक्टोबर
आठ. आकडा उतरला —
फाटक बंद. लेक तिकडे वाट बघत असेल —
आत लाथा. खूर हाताला लागतात. दोन नाहीत. चार —
चौदा नंबर दाराशी आली आहे. माझ्याकडे बघत नाही. पोटाकडे बघते, पाठच्या भावंडाची वाट बघावी तशी —
डॉक्टर हात धुताहेत. लेकीला कुणीतरी सांगा, आई निघाली होती, आई