अतिविषाचा पत्ता

५ जुलै २०२४

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. चढून चढून कंबर धरली आहे, तेव्हा हा नमस्कार उभ्यानंच.

इथं हिमालयात, अकरा हजार फुटांवर, मोबाईलला रेंज नाही. दर पंधरा दिवसांनी खेचरवाला खाली जातो, त्याच्याकडे पत्र देते. तीन महिन्यांचा हा अभ्यासवर्ग म्हणजे रोज चढायचं, मीटरभर चौकोन आखून त्यातली रोपं मोजायची आणि गावातल्या जाणत्यांकडून त्यांचे उपयोग शिकायचे. माझी गुरू बसंतीदादी. वय सत्तर, आणि चढावर तीच माझ्यासाठी थांबते.

काल तिनं अतिविष दाखवलं. हो, आपल्या बाळगुटीतलं! भाद्रपदातल्या नंदाष्टमीच्या सणाआधी ते खणायचं नाही, बी पडू द्यायचं. मग जुना कंद घ्यायचा आणि नवा परत पुरायचा. आमच्या वर्गाचे सर म्हणतात, जागेशिवाय नोंद म्हणजे कचरा. म्हणून तुमच्यावरच सराव करते: गावावरचा धबधबा, त्याच्या डावीकडे दोन दगडी देवळ्या, तिथून उत्तरेचा उतार. ही जागा दादीनं सुनेलाही दाखवलेली नाही.

रागावा, पण लोभ कमी करू नका.

तुमची वर्षाली

राजापेठ, अमरावती
२२ जुलै

चि. वर्षाली हिला अनेक आशीर्वाद, आणि कानटोपी न काढण्याची ताकीद.

हार गुंफता गुंफता तुझं पत्र चार वेळा वाचलं. दुकानात येईल त्याला वाचून दाखवतो. शेजारचे केशवराव जडीबुटीवाले तर गल्ला सोडून आले आणि चष्मा लावून स्वतः वाचत बसले. म्हणाले, देवानंद, तुही पोरगी आमच्याही पुढं गेली. आता फुलवाल्याची छाती फुगणार नाही तर काय? तुझी आई मात्र एकच विचारते, पोरगी तिथं काय खाऊन राहिली.

आमची माया आहेच, तू वेळेवर जेव.

तुझा बाबा

२८ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार.

नंदाष्टमीला अजून दोन आठवडे आहेत आणि तो उतार सगळा खणून नेलाय. नवे कंदसुद्धा. कुणा दलालाची दोन माणसं आली होती. त्यांनी खेचरवाल्याला धबधबा, दोन देवळ्या, उत्तरेचा उतार असं विचारलं. माझेच शब्द, माझ्याच क्रमानं.

गावाला वाटतं, दादीनं जागा विकली. पंचांनी तिच्या घराला वरच्या कुरणात जायची बंदी घातली आहे. त्या कंदांवरच तिचं वर्ष निघतं. ती कुणाशी भांडत नाही, माझ्याकडे बघतही नाही.

दुर्मिळ झाडाची जागा कुणाला कळू नये म्हणून सरांनी ती नंतर वहीतून खोडायला लावली होती. पत्रातली मात्र तुमच्याकडे कधीच गेली होती. केशवरावांनी ती उतरवून घेतली का? मला फार भीती वाटते, अजून मी तोंड उघडलेलं नाही. खरं काय ते लिहा.

वर्षाली

१० सप्टेंबर

चि. वर्षाली,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

केशवरावांना जाऊन विचारलं. त्यांनी लपवलंही नाही. म्हणाले, फोन केला म्या तिकडच्या दलालाले, धंदा हाये, डोंगर काय तुह्या बापाचा हाये? पत्राचा आणि पाकिटावरच्या तुझ्या पत्त्याचा फोटो मीच त्यांना काढू दिला होता. मिरवायची हौस माझी, पोरी.

तुझी आई म्हणते, परक्या मुलखात एकटी आहे, तिनं गप्पच राहावं. मला ते पटत नाही, पण तुला बोल असं सांगायचाही धीर होत नाही. सोबतच्या कागदावर हिंदीत सगळं कबूल करून सही केली आहे. तो कागद दाखवायचा की नाही, तू ठरव.

बाबा

२६ सप्टेंबर

ती. बाबांना,

सा. न. वि. वि.

पंचांसमोर कागद वाचला. आधी माझी चूक सांगितली, मग तुमची. दादीवरची बंदी उठली.

मला कुणी हाकललं नाही. फक्त आता झाडाचं नाव विचारलं की लोक आभाळाकडे बघतात. महिनाअखेरीस वही द्यायची आहे, अर्धी कोरी आहे.

काल दादीनं स्वतःहून जेवायला बोलावलं. पानात कसलीशी रानभाजी होती, जरा कडसर, पण फार चांगली. सवयीनं विचारून गेले, ही कोणती? तिनं नुसतं जेव म्हटलं. मी रडत जेवले. तिनं पुन्हा वाढली, पण नाव सांगितलं नाही.

तुम्ही तरी लोभ ठेवा.

वर्षाली