वाक्-३३ कुठे आहे?

४ मार्च

लॅपटॉप गेला! संपादकांनी आम्हा सगळ्या वार्ताहरांचे लॅपटॉप काढून घेतले आणि टॅबलेट दिले. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा हातात पाटी!

संगणक विभागाच्या बाईंना विचारलं, "लिहिलेलं ठेवायचं कुठे?"

"ठेवायचं नसतं, शास्त्रीबुवा. ते राहतं."

"कुठे?"

"आत."

वेदान्ताच्या तासाला बसल्यासारखं वाटलं. सर्वत्र आहे, पण दिसत नाही! चहाच्या वेळी ही कोटी सगळ्यांना ऐकवलीही. कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा ब्रह्मावर विश्वास ठेवला, कारण गुण मिळत होते. इथे माझी बातमी अडकली आहे.

५ मार्च

बातमी हरवली. सापडली. पुन्हा हरवली.

७ मार्च

पहिल्या पानावर मी! 'ग्रंथालयाचा जिना धोक्याचाच – अभियंत्यांची कबुली.' परवा त्या लोखंडी जिन्याखालीच उभं राहून अभियंत्यांशी बोललो. टॅबलेटवर रेकॉर्डही केलं. संपादक म्हणाले, "बुवा, दणका दिलात!" मी विनयाने मान खाली घातली. विनय कितपत खरा होता ते फक्त माझ्या बुटांना दिसलं असेल.

८ मार्च

हिचं औषधाचं दुकान. हजारो औषधं, पण हात बरोबर त्या खणात जातो. म्हणून आशेने विचारलं, "या टॅबलेटला खण नकोत का? कुठली फाइल कुठे आहे, हे माणसाला दिसायला नको?"

"नाव टाकलं की सापडतं ना?"

"नाव आठवायला हवं! जागा कशी – हाताला पाठ असते."

"अहो, तुमच्या हाताला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

वाद संपला. मुद्दा माझाच बरोबर होता. चष्मा डोक्यावर होता.

१० मार्च

रविवारच्या पुरवणीसाठी लेख झोडला – टॅबलेट वापरणाऱ्यांना फाइल मॅनेजर मिळालाच पाहिजे! आठशे शब्द. 'कपाट आमचं, आणि किल्ली मात्र सुताराच्या खिशात' हे वाक्य तर मीच दोनदा मोठ्याने वाचलं.

दुपारी बाई लेखाचं प्रूफ हातात धरून आल्या. "बुवा, फाइल मॅनेजर आहे की यात! दुसऱ्या पानावर. ते निळं चित्र."

आठशे शब्द मागे घेतले.

जाता जाता म्हणाल्या, "बघा हवं तर. पण आतलं हलवू नका. रेकॉर्डरचं रेकॉर्डरच्या घरी राहू द्या. सर्वसामान्यांना ते लागत नाही, म्हणून मागे ठेवलंय."

सर्वसामान्य! हा शब्द आपल्याला लागू नाही, असं माझं गेल्या बावन्न वर्षांचं मत आहे.

११ मार्च

हलवलं.

चार फोल्डर केले – सिद्ध, साध्य, असाध्य, त्याज्य. जुन्या फोनवरची रेकॉर्डिंगंही आणून त्यातच ओतली. सगळ्यांची नावं 'नवीन रेकॉर्डिंग' आणि पुढे तारीख – काय ही दरिद्री भाषा! बदलून वाक्-१ ते वाक्-४१ अशी ठेवली. तारखा काढल्या. वाणी नित्य, तारीख अनित्य.

१२ मार्च

फोल्डर नुसतेच उघडून पाहिले. आहा!

१४ मार्च

अभियंत्यांचा फोन.

"साहेब, 'धोक्याचा' असं मी म्हटलंच नाही. माझी चौकशी लागलीय. निलंबनाचं बोलताहेत."

"माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे," मी म्हणालो. केवढ्या थाटात!

"तेच ऐका म्हणतोय मी," ते म्हणाले.

१५ मार्च

रेकॉर्डर उघडला. रिकामा! बाईंकडे धावलो.

"हलवलंत ना?"

"...थोडंसं."

आता रेकॉर्डरला ती सापडत नाहीत, आणि हलवाहलवीत एकूण एक फाइलवर अकरा मार्चच पडली आहे. शोध घेतला – 'जिना'. काही नाही. 'अभियंता'. काही नाही. यंत्राचा काय दोष? नावं ठेवणारा विद्वान मी.

संपादकांचा निर्णय: "सतरा तारखेला दुपारी मला ऐकवा. नाहीतर माफी छापू. पहिल्या पानावर." मी म्हणालो, "रेकॉर्डिंग आहे हो! कुठे आहे एवढंच माहीत नाही." ते म्हणाले, "आहे, पण दिसत नाही. असंच ना?" माझीच ब्रह्माची कोटी ऑफिसभर फिरून परत आली होती.

१६ मार्च

सुट्टी. सकाळपासून एकेक रेकॉर्डिंग ऐकतोय. शेजारी ही कपड्यांच्या घड्या घालतेय.

वाक्-४: अग्निशमन दलाच्या प्रमुखांना मी 'अग्नी' शब्दाची व्युत्पत्ती सांगतोय. चार मिनिटं. वाक्-११: मी. वाक्-१७: मी, माझा खोकला, पुन्हा मी.

"अहो, यात समोरचा माणूस बोलतो कधी?"

"थांब, येईल."

"कधी? तुम्ही निघून गेल्यावर?"

मी आवाज कमी केला. ती म्हणाली, "कमी करू नका. मजा येतेय."

संध्याकाळपर्यंत सव्वीस झाली. अभियंते नाहीत. माफी मागायला लागली तर नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिलीच. उरलेली पंधरा उद्या सकाळी.

१७ मार्च

सापडलं. 'सिद्ध'मध्ये. वाक्-३३.

मी: "म्हणजे जिना धोक्याचाच म्हणायचा!"

ते: "नाही, तसं मी म्हणणार नाही. आधी तपासून–"

पुढचं ऐकू येत नाही. मी बोलतोय.

तीनदा ऐकलं. ही फाइल कुठे आहे, हे आता जगात फक्त मला ठाऊक. तिच्यावर बोट दाबून धरलं की 'काढून टाका' असं येतं. आलं. पाहिलं. बोट उचललं.

टॅबलेट संपादकांच्या टेबलावर ठेवून आलो आणि अभियंत्यांना फोन लावला.

"बोला," म्हणालो. आणि गप्प बसलो.